कूलरमधला बेडूक

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात नवरा बोलत नव्हता आणि बेडूक गप्प बसत नव्हता. या दोघांपैकी माझं डोकं जास्त कोणी फिरवलं, ते आजही सांगता येणार नाही.

आधी नवऱ्याचं सांगते. दिवाळीच्या तोंडावर त्यांना लकवा मारला. उजवा हात आणि पाय लुळा पडला, वाचा गेली. पाय हळूहळू सुधारला, काठी टेकत ते अंगणापर्यंत येऊ लागले. बोलणं मात्र परत आलं नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की यांना सगळं कळतं, शब्दही डोक्यात आहेत, फक्त तोंडापर्यंत पोचत नाहीत. या माणसाने उभा जन्म एसटीत कंडक्टरकी केली होती. भंडारा ते आसगाव गाडीत कोणाची सोयरीक कुठे जुळली आणि कुठे मोडली, हे यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसायचं. आणि आता तोंडातून निघत होतं फक्त 'आ' आणि 'अं'.

तिथे बोलणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, नवे शब्द मागू नका, जे जिभेवर घट्ट बसलेत तेच ओढून काढा. आकडे म्हणा, वार म्हणा, त्यांच्या गाडीचे थांबे म्हणा. तुम्ही सुरुवात करा आणि मध्येच थांबा, पुढचं ते म्हणतील. म्हणून मी रोज दुपारी शिलाई मशीन त्यांच्या खोलीत ओढायची, लोकांच्या ब्लाउजांना काज करता करता म्हणायची, "भंडारा, कारधा, पहेला, अड्याळ..." आणि थांबायची. ते माझ्याकडे बघायचे, मग छताकडे बघायचे. पुढची पवनी काही यायची नाही. गाडी रोज अड्याळलाच पंक्चर.

खरं म्हणजे मला पवनीही नको होती. मला 'अवं' हवं होतं. माझं नाव यांनी लग्नापासून कधी घेतलं नाही, सगळा संसार 'अवं' या एका हाकेवर चालला. 'अवं, पाणी दे.' 'अवं, थो पेपर कुठं ठेवला?' दिवसभर ऐकून कान किटायचे. ती हाक बंद झाली आणि घरात मी आहे की नाही, हेच मला कळेनासं झालं. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. शेजारणीला तर मुळीच नाही.

'अवं' सोडलं तर यांचं दुसरं आवडतं बोलणं होतं 'राहू दे'. नळ गळतो, मिस्त्रीला बोलवा. "राहू दे." भिंतीला पोपडे आले, रंग काढून घेऊ. "राहू दे न वं." कपाटाचं दार निखळून हातात आलं, तरी कपाटाकडे शांतपणे बघून, 'दे' लांबवत म्हणणार, "राहू देऽ." कंडक्टर म्हणून बसभर लोकांना पुढे सरका, पुढे सरका म्हणणारा हा माणूस घरी आला की जिथल्या तिथे. दुसऱ्या बायका नवऱ्याच्या दारूवर चिडतात, मी या दोन शब्दांवर चिडले.

आता बेडूक.

होळी झाली की भंडाऱ्यात घरोघरी कूलर बाहेर निघतात. आमचा यांच्या खोलीच्या खिडकीला बाहेरून, अंगणात लोखंडी घोडीवर बसवलेला असतो, वारा थेट यांच्या पलंगावर. मी कूलरच्या बाजूच्या ताट्यांतलं जुनं गवत काढत होते, तेवढ्यात काहीतरी थंडगार माझ्या मनगटावर येऊन चिकटलं. मी एवढ्या जोराने ओरडले की शेजारीण भिंतीवरून डोकावली.

बेडकांना मी भीत नाही. माझं माहेर दिघोरी, धानाचं गाव. रोवणीच्या वेळी बांध्यांतून चालताना पायाखाली बेडूकच बेडूक. पण ते बेडूक आपली पायरी ओळखून असतात, चिखलात बसतात, माणूस आला की पाण्यात उडी मारतात. हा कूलरच्या उभ्या पत्र्यावर पालीसारखा चिकटून बसला होता. अंग दुधाच्या चहाच्या रंगाचं, सडपातळ. एकेका बोटाच्या टोकाला टिकलीएवढी गोल चकती. आणि बघणं कसं, तर घर त्याचं आणि मी न विचारता आत शिरलेली.

झाडूने हाकलला, पंपावर जाऊन बसला. पाण्याच्या पाइपाने फवारा मारला तर मान वर करून अंघोळ केल्यासारखा बसून राहिला. शेवटी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात धरला, झाकणाला भोकं पाडली (का पाडली, मला विचारू नका) आणि स्कूटीवरून कॉलनीच्या दुसऱ्या टोकाच्या बगिच्यात केळीच्या पानावर सोडून आले. हात साबणाने दोनदा धुतले.

काही दिवसांनी कूलरमध्ये पाणी भरायला गेले तर महाराज पंपावर हजर. तोच. डाव्या मांडीवरचा पांढरट व्रण डब्यात धरतानाच दिसला होता, मी विसरणं शक्य नव्हतं.

"परत आला मुडदा!" मी ओरडले.

आणि खोलीतून हसण्याचा आवाज आला. मी खिडकीतून बघितलं तर हे पलंगावर बसून हसत होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळ्यांत पाणी. दिवाळीपासून पहिल्यांदाच. त्यांना हसू यावं म्हणून मी काय नाही केलं? जुने फोटो काढले, मुलाला पुण्याहून फोनवर नकला करायला लावल्या. आणि हे हसले ते माझ्या फजितीवर, तेही बेडकामुळे. मी खिडकीतूनच म्हटलं, "हसा. हसायले पैसे नाही लागत." आणि आत जाऊन उगाच भांडी आपटली.

मुलाला फोटो पाठवला. त्याने कुठेतरी शोधून सांगितलं, "आई, हा झाडबेडूक आहे. बाग असलेल्या घरांत राहतो. काही करत नाही तो."

"काही न करणारे या घरात आधीच भरपूर आहेत," मी म्हटलं आणि फोन ठेवला. झाडबेडूक म्हणे. आमच्या अंगणात कडुनिंब आहे, जास्वंद आहे, क्रोटनची रांग आहे. मग झाडावर राहायला काय धाड भरली होती?

तर असा त्याचा आणि माझा परिचय झाला. परिचय करून घ्यायची मला हौस नव्हती, पण ज्याच्या अंगावर रोज पाणी ओतायचं त्याच्या सवयी कळतातच. दिवसभर तो कूलरच्या आतल्या कोपऱ्यात, पाण्याच्या वर, चारही पाय पोटाखाली घेऊन बसायचा. कोणी मातीचा गोळा थापून ठेवल्यासारखा. पंखा फिरतोय, पाणी उडतंय, याचं काही देणंघेणं नाही. लाइट गेली की मात्र कूलर बंद पडल्याची तक्रार घेऊन समोरच्या जाळीवर यायचा आणि खोलीत डोळे लावायचा. दिवेलागणीला बाहेर पडायचा, क्रोटनवरून भिंतीवर, भिंतीवरून दारावरच्या दिव्याजवळ. तिथे किडे खायचा. चुन्याच्या भिंतीवर बसला की पांढुरका व्हायचा, लाकडी चौकटीवर गेला की काळपट. त्यामुळे तो कुठे आहे हे हात लागेपर्यंत समजायचं नाही, आणि हात नेमका माझाच लागायचा.

त्यात आवाज. टक, टक, टक. बोटाच्या पेरांनी कोणी दार वाजवावं तसा. सुरुवातीला मी कितीदा तरी दार उघडायला गेले. मग लक्षात आलं की मी मशीन चालवली की त्याला जास्त चेव येतो. माझी मशीन खटखट, त्याची टकटक. मी दोरा तुटला म्हणून थांबले की तोही थांबायचा. पुन्हा पाय हलवला की पुन्हा सुरू. मला वाटतं, मशीनला तो दुसरा बेडूक समजत असावा. घराण्यातली मशीन, आईने लग्नात दिलेली, तिच्यावर ही वेळ आली.

आणि हे? हे त्याच्यावर खूश. मी "भंडारा, कारधा, पहेला" म्हणत घसा कोरडा करायची आणि यांचे डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडे, जाळीवर. मी खुर्ची फिरवून बसवली तर मान वळवून बघायचे. मी "अड्याळ" म्हणून थांबले की खोलीत शांतता, आणि त्या शांततेत टक, टक.

"तूच फाड बाबा तिकीट," मी एकदा त्या जाळीकडे बघून म्हटलं. "यांच्याच्यानं होऊन नाही राहिलं."

पुन्हा हसले.

शेजारीण भिंतीवरून सगळं बघायचीच. ती म्हणाली, "मीठ टाका वं बाई त्याच्या आंगावर. जागीच मरते. आजारी माणसाच्या घरात बेंडूक काहून ठेवता?"

"मह्या घरात मी कोणाले ठेवीन, तुमाले काय करायचं हाय?" मी म्हटलं. एवढं तोडून बोलायचं कारण नव्हतं. पण त्याला शिव्या घालायचा हक्क माझा होता, पाणी मी भरत होते.

असा उन्हाळा गेला. पावसाने बस्तान बसवलं, हवा दमट झाली, कूलरचा वारा अंगाला चिकट लागू लागला. यांचा खोकला वाढला. आता कूलर रिकामा करायचा, सोड्याने घासायचा, वाळवायचा, जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर टाकायचा, असं मी ठरवलं. दरवर्षीचं काम. यावर्षी उचलायला हे नव्हते एवढाच फरक, आणि तो मी सकाळपासून स्वतःलाच चिडचिड करत ऐकवत होते.

यांना ओसरीवर खुर्चीत बसवलं. मागची ताटी काढली. बघते तर आतल्या पत्र्यावर, पाण्याच्या जरा वर, मुठीएवढा पांढरा फेस चिकटलेला. मी कपाळावर हात मारला. दर आठवड्याला मी सोडा आणि साबणाने कूलर घासायची. मागच्या वेळी नीट खंगाळला नाही वाटतं, साबण तसाच राहिला. बाजूलाच तो बसला होता, पाय पोटाखाली. मी म्हटलं, "सरक," आणि तारेची घासणी घेतली.

मागून आवाज आला. "आ... आ..."

"काय जी? चहा?"

मानेनेच नाही.

"लघवीले?"

नाही. डाव्या हाताने खुर्चीच्या हातावर थाप.

"ऊन लागून राहिलं?" ऊन नव्हतंच. "पंखा? टीव्ही? दुखते कुठं?"

थाप, थाप. "आ... आ..."

हा खेळ आमच्या घरी दिवसातून किती वेळा चालायचा. मी प्रश्न विचारायचे, ते मान हलवायचे, दोघंही घामाघूम व्हायचो. त्या सकाळी माझा जीव अगदी मेटाकुटीला आला होता. "मंग पाहिजे तरी काय?" मी ओरडलेच. "मी का मनातलं ओळखणारी हाय?" आणि पाठ फिरवून घासणी फेसावर नेली.

"राहू देऽ."

मला आधी वाटलं, फाटकाशी कोणी आलं. वळून बघितलं. फाटकाशी कोणी नव्हतं. हे खुर्चीतून पुढे झुकलेले, हात वर केलेला, आणि स्वतःच्याच तोंडातून काय निघालं याने चकित झालेले. स्पष्ट, अख्खं. 'दे' लांबवलेलं, तसंच, जसं कपाटाच्या दाराला म्हटलं होतं.

आनंद नंतर झाला. आधी आला तो राग. दिवाळीपासून सेवा करून करून मी वाळून गेले होते. भरवलं, धुतलं, पुसलं, नागपूरच्या चकरा मारल्या, अड्याळला उभी राहून वाट बघितली. आणि पहिला शब्द निघाला तो बेडकाच्या घरासाठी. तोही हा! मी घासणी अंगणात भिरकावली, ओल्या जमिनीवर फतकल मारली आणि मोठ्याने रडले. शेजारीण भिंतीवर आली, तिला वाटलं कोणी गेलं.

तो फेस साबणाचा नव्हता. मुलाने फोनवर सांगितलं की झाडबेडूक पाण्याच्या वर असाच फेस घुसळतात, त्यात अंडी असतात, पिलं निघाली की खालच्या पाण्यात पडतात. ह्यांनी पलंगावरून, जाळीतून तो घुसळताना बघितला असणार. त्याच दिवशी पहाटे ह्यांना ओसरीवर बसवून मी सडा टाकत होते, तेव्हा माझा पदर ओढून ओढून कूलरकडे दाखवत होते. मी चहा आणून दिला होता. आणि मी समजत होते हा एकटा आहे. त्याची बायको कधी आली, कधी गेली, रोज पाणी भरणाऱ्या मला पत्ता नाही.

नागपूरच्या बाई फोनवर खूप खूश झाल्या. म्हणाल्या, "वाट सापडली आहे, तिच्यावरून रोज जा." रोज जा म्हणजे काय, ते मला दोन दिवसांनी उमगलं. मी सहज म्हणाले, "यंदा तरी नळ बदलू." आणि खुर्चीतून आलं, "राहू दे."

मग मी त्या कामालाच लागले. रंग काढायचा विषय काढला. कपाट भंगारात देते म्हटलं. कडुनिंब तोडून टाकते म्हटलं, तर दोनदा म्हणाले. ज्या दोन शब्दांनी मला जन्मभर छळलं, ते ऐकायला मी सकाळपासून घरात नवी नवी कामं शोधत फिरत होते. माझ्यासारखी येडी बाई भंडाऱ्यात दुसरी नसेल. नळ अजून गळतोच आहे.

आणि कूलर? कूलर भर पावसाळ्यात पाण्यासकट खिडकीला. खोलीला ओल आली, ह्यांच्या पलंगाला मच्छरदाणी लावावी लागली, शेजारीण विचारून विचारून थकली. आत काळ्या शेपट्या वळवळत होत्या, वरून बाप कोपऱ्यात पाय मुडपून बसलेला, आणि मी त्यांच्यासाठी पाण्याची पातळी सांभाळत होते. 'अवं' मात्र आलं नाही. मी रोज अड्याळपर्यंत जाऊन परत येत होते.

पोळ्याच्या सुमारास पिलांना पाय फुटले, नखाएवढी होऊन ती एकेक करून पत्र्यावरून निघून गेली. पाण्यात कोणी उरलं नाही तसा मी कूलर धुतला, वाळवला, मुलगा सणाला आला होता त्याच्याकडून माळ्यावर चढवला. त्या दिवसापासून मोठा बेडूक दिसेनासा झाला. बरं झालं, मी म्हटलं. सुंठीवाचून खोकला गेला.

त्या संध्याकाळी मशीन चालवली तर उत्तर नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. मी मुद्दाम थांबून बघितलं, पुन्हा पाय हलवला. काही नाही. ह्यांचं 'राहू दे'ही आटलं. मी नळाचं काढलं, रंगाचं काढलं, ते रिकाम्या खिडकीकडे बघत बसले. बेडूक गेला त्याचं मला काही नव्हतं. पण यांचे शब्द त्याच्यासोबत गेले असतील तर मी ते कुठल्या केळीच्या पानावर शोधू?

मग मी रोज दिवेलागणीला शोधायला लागले. क्रोटनची पानं उलटी केली, बाथरूमच्या आरशामागे बघितलं, बादल्या हलवल्या. तोंडाने शिव्या चालूच. "नको तेव्हा मनगटावर येते, आता पाहिजे तं पत्ता नाही." एकदा यांच्या खोलीत स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळामागे हात घालत होते. घड्याळामागे फक्त जाळं होतं. मी म्हटलं, "जाऊ दे मेला, मी आता नाही शोधत."

"अवं."

माझा हात घड्याळामागेच राहिला. मी वळले नाही. वळले आणि भास असला तर काय करायचं, असं झालं मला.

"अवं," पुन्हा आलं. "थो..."

मी हळूच खाली उतरले. हे पलंगावर बसून डाव्या हाताने माझ्या शिलाई मशीनकडे दाखवत होते. मशीनच्या लाकडी पेटीवर, लाकडाच्याच रंगाचा होऊन, चारही पाय पोटाखाली घेऊन तो बसला होता. मांडीवरचा व्रणसुद्धा दिसला. त्या क्षणी दिसला मला, एवढ्या जवळून आंधळ्यालाही दिसला असता.

"कुठं जी?" मी म्हटलं. "मले तं काहीच दिसून नाही राहिलं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की ही बाई आहे की कोण. खुर्चीला मारायचे तशी पलंगावर थाप मारली, आणि वैतागून, चांगलं मोठ्याने म्हणाले, "अवं!"

मी तरीही मशीनकडे मान वळवली नाही.